बीडीएसला जायचंय? पेपर आणि कागद, दोन्हीची तयारी अकरावीपासून करा

यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले पेशंट जास्त येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडतच नाही, कारण बारा-पंधरा वर्षांपासून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, चालू असतो. तिशीतला माणूस, तिखट सहन होत नाही म्हणून दही-भात खातो, आणि त्याला वाटते दाढ दुखते एवढंच. हे सगळं आधी सांगते कारण आपल्याकडे पोरं बीडीएसकडे 'एमबीबीएस नाही लागलं तर पाहू' असं बघतात आणि मला ते पटत नाही. आपल्या भागात दातांच्या डॉक्टरची गरज किती आहे ते मी रोज खुर्चीत बघते, म्हणून ज्याला मनापासून यायचंय त्याने धड तयारी करून यावं यासाठी हे लिहितेय.

मी स्वतः मराठी शाळेतली, कापूस-तूर करणाऱ्या घरची. २०१७ ला पहिल्यांदा नीट दिली तेव्हा मार्क बऱ्यापैकी होते पण जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, हातात नव्हती, सीट गेली. २०१८ ला परत दिली तेव्हा कुठे नंबर लागला. म्हणजे माझं एक वर्ष अभ्यासाने नाही, कागदाने खाल्लं. त्यामुळे खाली जे सांगते त्यात अर्धं पेपरचं आहे आणि अर्धं कागदांचं, आणि दोन्ही सोबतच चालवायचं, पेपर झाल्यावर कागद पाहू असं म्हणायचंच नाही.

आधी परीक्षा कोणती ते क्लिअर करून घ्या

बीडीएससाठी वेगळी परीक्षा नाही. एमबीबीएसची तीच नीट यूजी, एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, वर्षातून एकदा, साधारण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. २०२४ ला ५ मे होती, २०२५ ला ४ मे. दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन पालक येऊन सांगतात की पोराने सीईटीचा फॉर्म भरला आहे, बीडीएस होऊन जाईल. होत नाही बाप्पा. एमएचटी-सीईटी इंजिनिअरिंग, फार्मसी, अ‍ॅग्रीसाठी आहे, तिच्या मार्कांवर डेंटल मिळत नाही. गोंधळ यासाठी होतो की नीटचा निकाल लागल्यावर महाराष्ट्रातली अ‍ॅडमिशन प्रक्रिया चालवणाऱ्या ऑफिसचं नाव राज्य सीईटी सेल आहे. परीक्षा एनटीएची, अ‍ॅडमिशन सीईटी सेलची, एवढं लक्षात ठेवा.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजे. पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. ज्या वर्षी अ‍ॅडमिशन घेणार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण पाहिजे. वरची वयाची अट सध्या नाही आणि कितीदा द्यायची यालाही लिमिट नाही.

पेपर ७२० मार्कांचा. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०, असे १८० प्रश्न, १८० मिनिटं, दुपारी २ ते ५. बरोबरला ४, चुकीला उणे १, सोडलेल्याला शून्य. २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्न असायचे, त्यात सेक्शन बीमधून १५ पैकी १० निवडायचे, आणि २०२२ पासून २०० मिनिटं मिळायची. २०२५ पासून ते बंद झालं. जुने पेपर सोडवताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर तुम्ही जास्तीच्या वेळेची सवय लावून बसाल.

क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा. २०२५ ला २२ लाखांच्या वर पोरं बसली आणि १२ लाखांच्या वर क्वालिफाय झाली, ओपनचा कटऑफ ७२० पैकी फक्त १४४ होता. तेवढ्यावर गावात पेढे वाटतात आणि नंतर पोराला तोंड दाखवायला लाज वाटते. सीटसाठी खरा आकडा किती लागतो ते सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या राऊंडच्या याद्यांमध्ये दिसते, आपला प्रवर्ग आणि कॉलेज शोधा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

मराठी पेपर घ्यायचा की इंग्लिश

नीट मराठीतून देता येते, १३ भाषांमध्ये मराठी आहे, पण मराठी निवडली तर सेंटर महाराष्ट्रातलंच घ्यावं लागते. पेपर दोन भाषांत छापलेला असतो, मराठी आणि सोबत इंग्लिश, आणि भाषांतरात काही शंका आली तर इंग्लिशचं धरलं जाते.

माझं मत सांगते. दहावीपर्यंत मराठी असलं तरी अकरावी-बारावी सायन्स आपण इंग्लिशमधूनच शिकतो, पुस्तकं इंग्लिशमध्ये, सरांचं बोलणं अर्धं मराठी असलं तरी शब्द सगळे इंग्लिश. दोन वर्षं मायटोकॉन्ड्रिया म्हणून पाठ केलं आणि पेपरात तंतुकणिका आलं, एन्झाइमच्या जागी विकर आलं, की डोकं तिथेच अडकते. म्हणून अकरावीपासून इंग्लिश पुस्तकच हातात धरलं असेल तर इंग्लिश पेपर घ्या. ज्याला इंग्लिशचं लांब वाक्य दोनदा वाचावं लागते त्याने मराठी घ्यावं, कारण दोन्ही समोर असतात. पण मग सरावाचे पेपर पण तसेच सोडवा. ऐन वेळी भाषा बदलू नका, फॉर्म भरतानाच ठरते ते.

बायोलॉजी आपल्या वावरातच आहे

९० प्रश्न, ३६० मार्क, म्हणजे अर्धा पेपर. खेड्यातल्या पोराला क्लासची सगळ्यात कमी गरज इथे आहे, आणि मी इथेच जास्त वेळ घालवा म्हणेन. एनसीईआरटीची अकरावी आणि बारावी अशी दोन पुस्तकं, सध्या मिळून ३२ धडे. पीडीएफ फुकट मिळते पण छापील घ्या, जुनं चालते पण सुधारित आवृत्तीशी ताडून पाहा. एक-एक ओळ, चित्राखालची ओळ, कोपऱ्यातला चौकोन, सगळ्यावर प्रश्न येतात. मी पहिल्या वेळी गाइड वाचली होती, दुसऱ्या वेळी गाइड बाजूला ठेवून एनसीईआरटी सात वेळा वाचली, फरक तिथेच पडला.

पाठांतर कंटाळवाणं होते तेव्हा बाहेर जा. बीटी कापसाचा मुद्दा परीक्षेचा लाडका आहे आणि आपल्याइतकं बोंडअळीला कोण ओळखते? क्राय वन ए सी आणि क्राय टू ए बी हे जीन कापसाच्या बोंडअळीवर, क्राय वन ए बी मक्याच्या खोडकिड्यावर. बॅक्टेरियामध्ये या जीनचं विष निष्क्रिय असते आणि अळीच्या आतड्यातल्या अल्कलाइन पीएचमुळे सक्रिय होते, म्हणून बॅक्टेरिया स्वतः मरत नाही. हे बाबांना जेवताना समजावून सांगितलं तर तुम्हाला कधीच विसरणार नाही.

तसंच फुलांचं. २०२४ च्या नवीन अभ्यासक्रमात माल्व्हेसी, लेग्युमिनोसी, ग्रॅमिनी, क्रुसिफेरी, कंपोझिटी अशा फॅमिली आल्या आहेत. माल्व्हेसी म्हणजे कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद. लेग्युमिनोसी म्हणजे तूर, हरभरा, सोयाबीन. ग्रॅमिनी म्हणजे ज्वारी. भेंडीचं फूल तोडा, ब्लेडने उभं कापा, पुंकेसर सगळे मिळून एक नळी झालेली दिसेल, ते मोनाडेल्फस. पाकळ्या एकीवर एक पिळल्यासारख्या, ते ट्विस्टेड. हरभऱ्याचं फूल उघडा, नऊ पुंकेसर जुळलेले आणि एक सुटा, डायडेल्फस. नागपूरच्या क्लासमध्ये हे फोटोत दाखवतात, तुमच्याकडे धुऱ्यावर आहे.

सिकलसेल आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन येते, जीएजीचं जीयूजी होते. दोन्ही आई-बाप वाहक असले तर पोराला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हत्तीपाय वुचेरेरिया या जंतामुळे, पसरवतो क्युलेक्स डास. गडचिरोलीचा मलेरिया म्हटला की प्लास्मोडियम फाल्सिपॅरम. असं जोडत गेलं की ह्यूमन हेल्थचा धडा निम्मा आपोआप होतो.

एक गोष्ट मात्र काळजीची. बोर्डाचं आणि नीटचं सारखं नाही. २०२४ पासून नीटमधून बरेच धडे काढले आहेत: डायजेशन, प्लांटमधलं पाण्याचं ट्रान्सपोर्ट, मिनरल न्यूट्रिशन, केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर. आपल्या स्टेट बोर्डात यातलं बरंच अजून शिकवतात आणि बोर्डाच्या परीक्षेला ते लागते. दातांचं सूत्र २१२३ हे डायजेशनच्या धड्यातलं, म्हणजे दातांचा डॉक्टर व्हायच्या परीक्षेत सध्या तो धडा नाही. अधिकृत अभ्यासक्रमाची यादी डाउनलोड करून प्रिंट काढा, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, बोर्डाच्या पुस्तकातल्या प्रत्येक धड्यासमोर 'दोन्ही' किंवा 'फक्त बोर्ड' लिहा. एका संध्याकाळचं काम आहे आणि महिन्याभराचा अभ्यास वाचतो.

केमिस्ट्री, फिजिक्स

केमिस्ट्रीत इनऑर्गॅनिक आणि ऑर्गॅनिक एनसीईआरटीतूनच, फिजिकलला गणितं करा, रोज दहा. मोल कन्सेप्ट कच्चा राहिला तर पुढचं सगळं लंगडते.

फिजिक्सने खेड्यातली पोरं घाबरतात आणि खरं सांगायचं तर २०२५ चा फिजिक्स शहरातल्या पोरांनाही जड गेला. म्हणून सगळं सोडून देऊ नका. युनिट्स, करंट इलेक्ट्रिसिटी, सेमीकंडक्टर, अ‍ॅटम-न्यूक्लियस, ड्युअल नेचर हे धडे मेहनतीच्या मानाने मार्क देतात, आधी हे पक्के करा, रोटेशनल मोशन नंतर. गणित विषय सोडलेल्या पोरांनी लॉग, ट्रिगो आणि साधं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन एवढं आठ दिवसांत कोणाकडून तरी शिकून घ्या. कॅल्क्युलेटर नसते, त्यामुळे हाताने भागाकार जलद पाहिजे. माझा भागाकारच स्लो होता, फॉर्म्युला येऊन पण प्रश्न राहून जायचे.

क्लास, नेट, लाइट

क्लासला लाखो रुपये नाहीत म्हणून थांबू नका. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी पोरांसाठी नागपूरची महाज्योती संस्था दहावीनंतर अर्ज मागवते, ऑनलाइन क्लास, टॅब आणि रोजचा डेटा देते. जाहिरात दहावीच्या निकालाच्या आसपास निघते आणि खेड्यात कोणाला कळतच नाही, म्हणून स्वतः साइट पाहत राहा. एससीसाठी बार्टी, एसटीसाठी टीआरटीआय, मराठा समाजासाठी सारथी, त्यांच्याही योजना निघत असतात. आणि कोणत्याही जातीच्या पोराला चालते असं साथी पोर्टल आहे, आयआयटी कानपूर आणि केंद्र सरकारचं, त्यावर नीटचे व्हिडिओ आणि टेस्ट फुकट आहेत. रेंज असेल तेव्हा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे, कारण लाइट आणि नेट दोन्ही एकाच वेळी जातात.

टाइमटेबल वावराच्या हिशोबाने बनवा, शहरातल्या पोराचं यूट्यूबवरचं टाइमटेबल आपल्याला लागत नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, तेव्हा घरी मदत करावीच लागते. त्या दीड-दोन महिन्यांत नवीन धडा धरायचा नाही, फक्त बायोलॉजीची उजळणी ठेवायची, वेचता वेचता आठवता येते. जड फिजिक्स पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला संपवा. जानेवारीनंतर बोर्डाचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीचा पेपर, आणि मग एप्रिल पूर्ण महिना मोकळा, तो सोन्यासारखा आहे. लग्नसराई असते, जाऊ नका. आजीला राग येईल, येऊ द्या.

ओएमआरची वेगळी प्रॅक्टिस

हे कोणी सांगत नाही. ओएमआर शीट, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, झेरॉक्सवाल्याकडून पन्नास काढून आणा. काळा बॉलपेन. एप्रिलमध्ये दर दोन दिवसांनी एक पूर्ण पेपर, आणि तो दुपारी २ ते ५ मध्येच, पंख्याशिवाय बसता आलं तर अजून बरं, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि सेंटरवर कूलर असेलच असं नाही. दुपारी झोपायची सवय असलेल्या पोराला ३ वाजता पेपरात खरंच डुलकी येते.

गोळे शेवटी एकदम भरू नका. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोळे भरा. माझ्या एका मैत्रिणीने प्रश्न ६२ सोडला आणि ६३ चं उत्तर ६२ मध्ये भरलं, तिथून पुढे सगळं सरकलं, लक्षात आलं तेव्हा २० मिनिटं राहिली होती आणि पेनचा गोळा पुसता येत नाही. म्हणून दर पाच प्रश्नांनी नंबर ताडून पाहायचा.

माझा क्रम होता आधी बायोलॉजी ५० मिनिटं, मग केमिस्ट्री ५०, मग फिजिक्स ६०, उरलेली २० मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना. तुमचा वेगळा असेल तर चालेल पण तो सरावात ठरवा, हॉलमध्ये नाही.

अंदाजाचा हिशोब एकदाच समजून घ्या. काहीच माहीत नसताना चार पर्यायांतून ठोकलं तर सरासरीने प्रश्नामागे पाव मार्क मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि त्या दिवशी नशीब वाकडं असलं तर उणेच होते. पण दोन पर्याय खात्रीने काढून टाकता आले तर सरासरीने दीड मार्क मिळतो. म्हणून दोन कटले तर उत्तर द्या, एकही कटला नाही तर सोडा.

फॉर्म भरताना

फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, २०२५ ला ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होता. म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षेत, म्हणून सगळं जानेवारीतच काढून ठेवा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा किंवा आई-बाबांचा, नेट कॅफेवाल्याचा चुकूनही नाही. आमच्या बॅचच्या एका पोराचा ओटीपी कॅफेवाल्याकडे जायचा, अ‍ॅडमिट कार्डच्या दिवशी दुकान बंद होतं आणि ते पोरगं रात्रभर रडत होतं. नाव आधार कार्ड आणि दहावीच्या मार्कशीटवर अक्षरशः सारखं पाहिजे, आधारला 'राव' आणि मार्कशीटला बिना 'राव' असलं तर आधीच दुरुस्त करा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, कान दिसले पाहिजे, आणि पासपोर्ट साइजसोबत ४ बाय ६ इंचाचा मोठा पण काढून घ्या, दहा-बारा प्रती, कारण सेंटरला आणि नंतर अ‍ॅडमिशनला तोच लागतो. दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे अपलोड करावे लागतात, कपाशीची बोंडं तोडून बोटं फाटली असली तर आठ दिवस हाताला तेल लावा, ठसा उमटत नाही.

फी २०२५ ला जनरलला १७००, ईडब्ल्यूएस-ओबीसीला १६००, एससी-एसटी-दिव्यांगला १००० होती. एनटीएच्या फॉर्ममध्ये प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे टाकायचा. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, तो तिथे नाही, तिथे जनरल किंवा बसत असाल तर दुसरा. राज्याचा प्रवर्ग पुढे सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये येतो, घाबरू नका.

आता कागद

अकरावीच्या दिवाळीत एक प्लास्टिकची फाइल घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, नॅशनॅलिटी-डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस असेल तर ते, आधार, बँक पासबुक, मेडिकल फिटनेस, वर्ष गॅप असेल तर अ‍ॅफिडेव्हिट. सेतूमधून किंवा आपले सरकारवरून निघतात. नॉन क्रिमीलेअरची तारीख पाहा, २०२५ च्या अ‍ॅडमिशनला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं लागायचं, तुमच्या वर्षाला तसंच पुढे मोजा.

व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यात आजा-पणजाचा पुरावा मागतात. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आजा शाळेत गेला असेल तर त्या शाळेतून दाखल-खारीजचा उतारा मिळतो. माझा आजा शाळेत गेलाच नव्हता, आम्हाला तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढावी लागली आणि त्या जुन्या पानावर नाव शोधायला बाबांच्या पाच चकरा झाल्या, ऐन पेरणीत. कोणाच्या सख्ख्या काकाची, आत्याची, चुलतभावाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती वंशावळीसोबत जोडा, काम खूप सोपं होते. बारावी सायन्सच्या पोरांचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, कॉलेजच्या क्लार्कने 'अजून वेळ आहे' म्हटलं तरी ऐकू नका, पावती नंबर स्वतःकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा समितीकडे विचारा.

सीमेवरच्या गावांसाठी खास सांगते. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पाहिजे, सोबत डोमिसाइल. गोंदियाकडची पोरं बालाघाटला, वरुड-मोर्शीकडची मध्य प्रदेशात, राजुऱ्याकडची तेलंगणात मामाकडे राहून शिकतात, त्यांनी हे अकरावीच्या आधी पाहून घ्यावं, नंतर काही करता येत नाही.

परीक्षेचा दिवस

सेंटरचं शहर आधी कळते आणि अ‍ॅडमिट कार्ड परीक्षेच्या काही दिवस आधी. सेंटर दुसऱ्या गावी असेल तर आदल्या दिवशी जा. सकाळची पहिली एसटी पकडून पोचू हा विचार सोडा, लालपरी पंक्चर झाली तर वर्ष जाते. गेट दीड वाजता बंद होते म्हणजे होते, दोन मिनिटं उशीर झालेल्या पोरीला मी बाहेर रडताना पाहिलंय.

हलके कपडे, हाफ बाही, मोठी बटणं नको, बूट नको, चप्पल किंवा कमी टाचेची सँडल. कानातलं, साखळी, घड्याळ सगळं घरी. अ‍ॅडमिट कार्ड त्यावरचा ४ बाय ६ फोटो चिकटवून, पासपोर्ट फोटो, ओरिजिनल ओळखपत्र, आरपार दिसणारी पाण्याची बाटली. पेन आतच मिळते. खिशात कांदा ठेवायची सवय असेल तर तो बाहेर बाबांकडे द्या. जेवण सकाळी १० च्या आसपास साधं, पन्हं प्या, आणि बाबांना सांगा की गेटसमोर उन्हात तीन तास उभं राहू नका, पाच वाजता या.

आत गेल्यावर पेपरचा कोड आणि ओएमआरचा कोड सारखा आहे का ते सगळ्यात आधी पाहा. वेगळा असेल तर लगेच हात वर करा, लाजू नका.

'पेपर मिळवून देतो', 'सेटिंग आहे' म्हणणारा भेटेल, आपल्याकडे दरवर्षी कोणीतरी वावर विकून त्याला पैसे देते. २०२४ मध्ये याविरुद्ध केंद्राचा वेगळा कायदा झाला आहे. दारातूनच परत पाठवा.

निकालानंतर

दोन ठिकाणी नोंदणी करावी लागते. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के ऑल इंडिया सीटा आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या अ‍ॅडमिशन समितीकडे, राज्याच्या सीटा सीईटी सेलकडे. एमसीसीला ऑल इंडिया कोट्यासाठी जनरलला १०,००० आणि राखीवला ५,००० डिपॉझिट असते, अभिमतसाठी मात्र २ लाख. ज्याला अभिमतची फी झेपणार नाही त्याने तिकडे उगाच पैसे अडकवू नये.

विदर्भात सरकारी डेंटल कॉलेज नागपूरला आहे, बाकी मुंबईचं, छत्रपती संभाजीनगरचं, आणि मुंबई महापालिकेचं नायर. खासगीत नागपूरला हिंगणा भागात दोन, अमरावती, अकोला. वर्ध्याजवळ सावंगीचं आहे पण ते अभिमत, म्हणजे एमसीसीमधून. आधी विदर्भाच्या पोरांना विदर्भातल्या सीटांत ७० टक्के हिस्सा असायचा, तो ७०-३० चा नियम २०२० मध्ये रद्द झाला. आता पूर्ण महाराष्ट्राची एकच यादी, त्यामुळे जुन्या ताईच्या कटऑफवरून अंदाज बांधू नका.

पसंतीक्रम भरताना जे कॉलेज खरंच पाहिजे ते वर, मग मार्क पुरतील की नाही याचा विचार करू नका. वरचं नाही लागलं तर मशीन आपोआप खालचं पाहते, वर टाकल्याने काही तोटा नाही. मात्र जिथे लागलं तरी जाणारच नाही असं कॉलेज टाकूच नका. सीट मिळाल्यावर रिटेन्शनचा फॉर्म भरला म्हणजे तुम्ही तिथेच थांबता, पुढच्या राऊंडमध्ये वरचं मिळत नाही, म्हणून सही करण्याआधी घरी बोलून घ्या.

फीबद्दल घरात भांडण होण्याआधी हे पाहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि अ‍ॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी यादीतून, झाली असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत आणि मॅनेजमेंट कोट्याला नाही. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या, सगळ्यांचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. फक्त मुलीला डेंटलला पाठवायला पैसे नाहीत म्हणून डीएडला टाकलं असं या वर्षीही एका बापाने मला सांगितलं, त्याला हा जीआर माहीतच नव्हता.

रिपोर्टिंगला जाताना ओरिजिनल सगळे, झेरॉक्सचे चार सेट, फोटो, आणि टीसी नक्की, कारण टीसीशिवाय कॉलेज घेत नाही आणि बारावीचं कॉलेज शनिवारी दुपारनंतर टीसी देत नाही. हॉस्टेलचा अर्ज त्याच दिवशी त्याच खिडकीवर विचारा, खोल्या कमी असतात. कोर्स चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, त्यासाठी कार्व्हर आणि मेण नागपूरला सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळते, नवीन घेऊ नका.